त्याच खिळ्यावरची किल्ली

“या राज्यात बंदुकीच्या जखमांवरील संशोधनाला कधीही मनाई करण्यात आलेली नाही. शिवाय, मागेल त्या कुटुंबाला बंदुकीचे कुलूप मोफत देण्यात आले आहे.”

असे निवेदन राज्य सिनेटच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष हार्लन स्ट्रिकलर यांनी गेल्या वसंतात प्रसिद्ध केले. मित्रांनो, मी त्या मोफत कुलपांपैकीच एक जुने कुलूप आहे. निवेदनातली दोन्ही वाक्ये खरी आहेत. खोटे न बोलता फसवावे कसे, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी ती पाठ करावीत.

मनाई नव्हती, हे कबूल. पाणी प्यायला कुणालाच मनाई नव्हती; विहीर तेवढी बुजवली होती. दुसरे वाक्य माझ्याविषयी आहे, तेव्हा ते मीच उलगडते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लाल आवरणाची पोलादी दोरी, तिच्या टोकाला मी, आणि माझ्या दोन किल्ल्या. दोरी रायफलच्या पोटातून ओवून मला लावले, की काडतूस आत जात नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातील शेड्स रन या गावी मला आणले ते डॉक्टर लोरेटा केसिंजर यांनी. त्या लहान मुलांच्या डॉक्टर. नव्या बंबासाठी पैसे जमवायला जिथे दरवर्षी रायफलींची सोडत निघते, त्याच अग्निशमन दलाच्या सभागृहात आमचे वाटप झाले. रॉय हॉकनबेरीच्या हाती मला ठेवताना सिनेटर स्ट्रिकलर छान हसले. तो फोटो वर्तमानपत्रात आला. माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणावे तर तेवढेच.

डॉक्टरबाईंचा बेत मात्र वाटपावर संपत नव्हता. पुढच्या हिवाळ्यात त्या घरोघर जाऊन विचारणार होत्या: कुलूप लावता का, किल्ली कुठे ठेवता, मुलांना ती जागा ठाऊक आहे का. सिनेटरांनी अंदाजपत्रकातून ती तरतूद काढून टाकली. कुलपे वाटायला निधी राहिला. कुलपे कामाला येतात का, हे विचारायला राहिला नाही. “आज मोजतील, उद्या बंदुका मागायला येतील,” असे त्यांचे भाषण रॉयने जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले आणि बरोबर बोलला गडी, असा शेराही दिला. त्याची बायको डेनिस ताटे उचलू लागली.

मला रॉयने आपल्या वडिलांच्या रायफलला लावले आणि रायफल मागच्या दारापाशी टांगली. तिच्याच खिळ्याला माझी किल्ली अडकवली. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या पहाटे काळोखात किल्ली शोधत कोण बसणार? त्या खोऱ्यातले सगळेच असे करीत, आणि ही युक्ती आपल्या एकट्याचीच, असे प्रत्येकाला वाटे. कुणी कुणाला विचारले नाही. विचारणे ज्यांचे काम होते, त्यांचे पाय आधीच बांधून ठेवले होते.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तिथल्या शाळांना सुट्टी असते. रॉयची दहा वर्षांची लेक टेसा त्या पहाटे बापाच्या आधी उठली. बाबा उठण्यापूर्वी त्याची सगळी तयारी करून ठेवावी, असे तिच्या मनात आले. तो कसे करतो ते तिने अनेकदा पाहिले होते. तिने खिळ्यावरून किल्ली काढली, मला उघडले, दोरी नीट गुंडाळून बाकावर ठेवली. मग फळीवरचे काडतूस घेतले.

रॉय अनवाणी धावत आला. तोवर सगळे संपले होते.

चौकशीत मी निर्दोष ठरले. कुलूप आपल्याच किल्लीने उघडले, यंत्रात दोष नाही, असा निर्वाळा मिळाला. त्या निर्दोषत्वाचा गंज माझ्यावर अजून आहे. डेनिसने मला किल्लीसकट कोटाच्या खिशात टाकले. वसंतात, ते निवेदन निघाल्यानंतर थोड्याच दिवसांनी, डॉक्टरबाई अभ्यासाची मागणी घेऊन पुन्हा समितीपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्याच खिशात होते. त्यांनी आपली बोलण्याची वेळ डेनिसला दिली.

अध्यक्षांनी आधी दुःख व्यक्त केले. मग म्हणाले, “पण डेनिस, या बाईंना आज मोजू दिलं, तर उद्या त्या तुझ्या दारात उभ्या राहतील.”

“आल्या होत्या, हार्लन. दफन झाल्यावर, नूडल्सचं भांडं घेऊन. बंदुकीचं नाव काढलं नाही त्यांनी. तुमच्याकडून फुलं आली होती. कार्डावर टेसाचं नाव चुकलं होतं.”

तिने मला टेबलावर ठेवले, किल्ली आतच होती.

“नववर्षाला आम्ही तुमच्याकडे जेवतो. डुकराचं मांस आणि आंबट कोबी. मागच्या दाराशी तुमची रायफल असते, तिला असंच लाल कुलूप. त्याची किल्ली कुठं असते?”

हा आजचा विषय नव्हे, असे अध्यक्ष म्हणाले. सभा आवरायची लाकडी हातोडी त्यांनी उचलली, पण आपटली नाही.

“तुमची फिलिस मागं बसलीय,” डेनिस म्हणाली. “तिला विचारू?”

फिलिस स्ट्रिकलर यांनी नवऱ्याकडे पाहिले नाही. त्या मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. किल्ली जपा, आणि ती कुठे ठेवलीत असे विचारणाऱ्याला तिच्याहून जपा. क्षमेची अपेक्षा माझ्याकडून कुणी करू नये. धरलेले न सोडणे एवढाच कुलपाचा धर्म. सिनेटरांचे उत्तरही मी तसेच धरून ठेवले आहे, कामकाजाच्या नोंदीत आहे तसे, काना-मात्रेचा फरक न करता:

“त्याच खिळ्याला. माझ्या घरीही किल्ली त्याच खिळ्याला असते, डेनिस. खोऱ्यात सगळ्यांचीच असते, मला माहीत होतं. डॉक्टरबाई हेच विचारणार होत्या. उत्तर छापून आलं असतं, तर कुलपं वाटतानाचा माझा फोटो काय कामाचा राहिला असता? म्हणून मी तो अभ्यास काढून टाकला.”