कोपऱ्यातली बारा पकडींची वाट

मुंगळा कड्यावरून पडून गेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणाऱ्याच्या मनात पहिलं तेच येतं. चाळीस वर्षं तो उभ्या दगडावर वावरला आणि गेला तो दाताच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या बाकावर, आपला नंबर यायची वाट बघत. हृदय बंद पडलं. दाताच्या डॉक्टरांना तो फार घाबरायचा. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आम्हाला म्हणाली, "आत जायला लागू नये म्हणून काहीही करायचा हा माणूस." आणि मग ती पहिल्यांदा रडली.

मुंगळा हे मुलांनी ठेवलेलं नाव. लांब हात, लांब पाय, बारीक कंबर, आणि एकदा चिकटला की कमरेतून तुटेल पण सुटणार नाही. मोठी माणसंही त्याला तेच म्हणू लागली आणि त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही.

आमची चढाईची भिंत एका बंद पडलेल्या छापखान्यात आहे. यंत्रं गेली, उंच छत राहिलं. सुताराने तिथे प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्या, काही सरळ, काही पुढे झुकलेल्या. त्यांना वीतभर अंतरावर भोकं आहेत. भोकात बोल्ट घालून मुठीएवढ्या, बशीएवढ्या प्लास्टिकच्या पकडी बसवायच्या आणि खालपासून वरपर्यंत एक वाट तयार करायची. एका वाटेच्या सगळ्या पकडी एका रंगाच्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर गुरुवारी तिथे लहान मुलांचा वर्ग घेतो. मला स्वतःला फारसं चढता येत नाही, पण दोर धरता येतो आणि दमही धरता येतो. मुलांना एवढं पुरतं.

दर चार महिन्यांनी सगळ्या पकडी उतरवून साबणाच्या पाण्यात धुतात आणि नव्या वाटा बसवतात. प्रत्येक वाटेच्या पायथ्याशी एक कार्ड असतं. वाट बसवणारा त्यावर फक्त तारीख लिहितो. वाटेचं नाव काय आणि ती किती अवघड, हे लिहायचा मान न पडता वर पोचणाऱ्या पहिल्या माणसाचा. धुवायच्या दिवसापर्यंत कुणीच पोचलं नाही, तर कार्ड फाडून टाकायचं. बाकीची कार्डं एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतात. हा नियम मुंगळ्यानेच केलेला. तो म्हणायचा, "ज्या वाटेने कुणी गेलंच नाही ती वाट कसली? ती नुसती माझ्या डोक्यातली खाज."

त्याची शेवटची वाट डाव्या कोपऱ्यात होती. दोन भिंती जिथे एकमेकींना जवळजवळ चिकटतात आणि वरून जुनी लोखंडी तुळई जाते, त्या अडचणीच्या जागी त्याने काळ्या रंगाच्या बारा पकडी बसवल्या. गाल सुजलेला, एक हात गालावर, एका हातात पाना. काम सोमवारी संपलं. मंगळवारी तो दाताच्या डॉक्टरांकडे गेला. कार्डावर त्या सोमवारची तारीख होती, बाकी सगळं कोरं. भिंत धुवायला वीस दिवस उरले होते.

शोकसभेत भाषणं नकोत असं सगळ्यांचं मत पडलं. मॅनेजर म्हणाला, "बोलून काय होणार? त्याची वाट चढू." मग रविवारी सकाळी तीसेक माणसं कोपऱ्याजवळ जमली आणि एकेक जण मुंगळ्याची आठवण काढून वाटेवरून पडू लागला.

पहिली पकड गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. "बसून सुरुवात!" कुणीतरी ओरडलं. "काय डोकं लावलंय बघा." सगळे बसून सुरुवात करू लागले. पुढच्या पकडी इतक्या जवळजवळ की चौथीला गुडघे हनुवटीला लागायचे आणि सहावीला माणूस बोचक्यासारखा कोपऱ्यात अडकायचा. सातवी पकड म्हणजे एक चीर. तिच्यात मोठ्यांची दोनच बोटं कशीबशी जात. आठवी खालच्या बाजूने खोबण असलेली. शरीर ताणून खालून धरली तरच हाताला लागणार. वरून धरायला गेलं की हात घसरायचा. सातवी सोडून थेट आठवी धरू म्हणणारे तर आणखी लवकर खाली येत.

"शेवटी शेवटी फार खोल विचार करायला लागला होता," एक जण घाम पुसत म्हणाला.

"खोल कसला? आपली मापं काढून गेलाय," दुसरा म्हणाला. सगळे हसले, आणि आवाज बसलेला होता तरी ते हसू खरं होतं.

मुंगळ्याची मुलगी तेव्हा हसली नाही. ती सव्वीस वर्षांची, हाडांच्या दवाखान्यात रुग्णांना व्यायाम शिकवते. उंची बापाची, हट्टही त्याचाच. आमच्यात तिच्याइतकं चांगलं कुणी चढत नाही. त्या रविवारी ती सात वेळा पडली. सोमवारपासून रोज दवाखाना सुटला की येऊ लागली.

मी एकदा म्हणालो, "जरा विसावा घे गं. बोटं बघ कशी झालीत."

"काका, बाबांचं शेवटचं कार्ड फाटायला नको."

मॅनेजर मनाचा मऊ. तो म्हणाला, "अगं, फाडतंय कोण? आपणच लिहून टाकू काहीतरी. डब्यात गेलं की झालं."

"त्यांनी टाकलं असतं?"



दुसऱ्या आठवड्यात तिच्या मनात वेगळंच काही घोळू लागलं. एका संध्याकाळी बुटांचे बंद सोडता सोडता ती हळूच म्हणाली, "काका, खरं सांगा. ही वाट चुकलीय का?"

"म्हणजे?"

"सगळे म्हणतात, काय डोकं लावलंय. मला तर डोकं दिसतच नाही. पकडी कुठेही लावल्यासारख्या आहेत. गाल सुजलेला, रात्रभर झोप नाही, छातीतही दुखत असणार. आम्हाला बोलले नाहीत. बाबांना काय करतोय ते कळतच नव्हतं की काय?"

मुलांना शिकवताना मी एक शिकलो आहे: ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं. "मला ठाऊक नाही," मी म्हणालो. तिला नको होतं ते हेच उत्तर. कार्ड फाटलं असतं तर तिने कदाचित सोसलं असतं. बापाचं शेवटचं काम म्हणजे आजारी माणसाची गफलत होती, हे तिला सोसवत नव्हतं. आणि वाट कुणी चढल्याशिवाय ते कळायला दुसरा मार्ग नव्हता.

धुण्याचा दिवस रविवारचा. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी सुतार आला, कारण पकडी उतरल्यावर त्याला भिंतीचे तक्ते तपासायचे होते. त्याने हत्यारांची पेटी उघडली आणि तीतून एक बारीक काठी काढून मुलीला दिली.

"ही तुझ्या बाबांची. माझ्याकडूनच करून घेतली होती. काम झाल्यावर माझ्या पेटीत टाकून गेला. घे, तुझ्याकडे असू दे."

काठीवर पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. एकीपुढे लिहिलं होतं 'हात', दुसरीपुढे 'पाय वर'. मुलीने काठी वाटेला लावून पाहिली. पहिल्या पकडीपासून तिसरीपर्यंत, दुसरीपासून चौथीपर्यंत, जिथे लावावी तिथे कुठली ना कुठली खूण नेमकी बसत होती.

"हे माप कुणाचं?" ती म्हणाली. "बाबांचं तर नाही. माझंही नाही."

मी काठीकडे पाहिलं आणि मला माझी चूक कळली. इतके दिवस मी कोपऱ्यासमोरच्या बाकावर बसून होतो, आणि ते माप घेताना ज्याने पाहिलं होतं तो मीच.

माझ्या गुरुवारच्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी आहे. वयाच्या मानाने बुटकी. प्रश्न विचारून जीव नकोसा करते, म्हणून तिचं नाव पडलं शंका. आमच्या भिंतीच्या एका भागावर 'लहान मुलांसाठी' अशी पाटी आहे, पण तिथल्या पकडीही मोठी माणसंच आपल्या अंदाजाने बसवतात. शंका दुसऱ्या पकडीच्या पुढे कधी गेली नव्हती. एकदा मुंगळा तिथे उभा होता. तो आपलं नेहमीचं म्हणाला, "पोचत नाही असं काही नसतं. पाय वर घे."

ती भिंतीला लटकून म्हणाली, "घेतला. दुसराही घेतला. आता तिसरा पाय कुठून आणू?"

मुंगळा पोट धरून हसला. मग हसू थांबलं आणि तो बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिला. पुढच्या गुरुवारी तो काठी घेऊन आला आणि शंकाला म्हणाला, "हात आडवे कर." मला वाटलं, दोर बांधायचे नवीन कमरपट्टे मागवायचे असतील. मी विचारलंही नाही. मग तो गेला, त्या आठवड्यात वर्ग झाला नाही, आणि शंकाला कांजिण्या आल्या. कोपऱ्यातल्या झुकत्या भिंतीवर मुलांना सोडत नाहीत, म्हणून वर्गातल्या दुसऱ्या कुणा मुलाने ती वाट करून पाहिली नाही.

हे सगळं मी मुंगळ्याच्या मुलीला सांगितलं. ती काठी हातात धरून बसली.

"बसून सुरुवात!" सुतार म्हणाला. "अरे देवा. तीस धटिंगण चिमुरडीच्या झबल्यात शिरायला बघत होते."

मुलीला हसू आलं, पण पुरतं नाही. "मला लहानपणी दगडावर न्यायचे," ती म्हणाली. "मी रडून सांगायचे, पोचत नाही. एकच उत्तर. पाय वर घे. माझं माप कधी नाही घेतलं."

मी म्हणालो, "दगड हलवता येत नाही."

"माहितीय," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "माहितीय मला." मग उठून तिने शंकाच्या आईचा नंबर मागितला.

रविवारी सकाळी शंका आली. कांजिण्यांचे डाग सुकले होते. मॅनेजरने झुकत्या भिंतीवर मुलांना बंदी असल्याचं एकदा सांगून पाहिलं आणि मग स्वतःच दोराची गाठ तपासली. दोर मुंगळ्याच्या मुलीने धरला. पकडी धुवायच्या बादल्या भरून तयार होत्या.

"ही वाट कुणाची?" शंकाने विचारलं.

"चढ, मग सांगते," मुलगी म्हणाली.

शंका पहिल्यांदा तिसऱ्या पकडीवरून पडली. दुसऱ्यांदा नववीवरून. सातव्या पकडीची चीर तिने सहज धरली. तिचा अख्खा पंजा आत गेला. आठवी धरताना ती सरळ ताणून उभी होती आणि खोबण बरोबर तिच्या बोटांवर येत होती. पण नववीवर घाई झाली आणि ती दोरावर लोंबकळली.

"पाय—" मुलीच्या तोंडून निघालं. तिने ओठ मिटले. "दम खा. घाई नाही."

"बादल्यांमधलं पाणी गार होतंय," मॅनेजर पुटपुटला. सुताराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तिसऱ्यांदा शंका हळू चढली. दहावी. अकरावी. बारावी पकड तुळईच्या अगदी खाली होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि वरूनच ओरडली, "आता काय करायचं?"

मुलीने दोर घट्ट धरला होता आणि तिचं तोंड भिंतीकडे होतं. म्हणून मीच म्हणालो, "आता खाली ये. लिहायचं काम आहे."

कार्ड गुडघ्यावर ठेवून शंका पेन चावत बसली. "नाव काय लिहू?"

"तुला हवं ते."

तिने 'पोचते' असं लिहिलं. मग विचारलं, "आणि इथे? अवघड की सोपी?"

"तुला काय वाटलं?"

"दोन्ही नाही." आणि मोठ्या वाकड्या अक्षरात तिने लिहिलं, 'माझ्या मापाची'.

मुलीने ते कार्ड वाचलं, फुंकून शाई वाळवली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवलं. मग आम्ही कामाला लागलो. दुपारपर्यंत भिंत उघडी झाली आणि पकडी साबणाच्या पाण्यात गेल्या, त्यात त्या बाराही. शंका बाही वर करून ब्रशने सातवी पकड घासत होती. तिची आई दारात थांबली होती.

"ही परत तिथेच लावणार?" शंकाने विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "वाटा बदलतात."

"मग गुरुवारी मी काय चढू?"

मुलीने ओले हात पॅंटला पुसले आणि कोपऱ्यात ठेवलेली काठी आणली. "उभी राहा. हात आडवे कर."

"माझं माप आहे की त्यावर."

"ते तेव्हाचं. तू वाढतेस," मुलगी म्हणाली आणि सुताराकडे हात पुढे केला. सुताराने कानावरची पेन्सिल काढून दिली.