खोटी ठरवलेली कडी

मित्रांनो, मी पोलादाची एक जुनी कडी आहे. तुमच्या मुठीत सहज मावेन. पेणच्या एका लेथवर माझा जन्म झाला. रोह्याजवळच्या गावातला काळुराम आपल्या ठासणीच्या बंदुकीच्या नळीचं माप घेऊन तिथं गेला आणि मला मुद्दाम कातून घेऊन आला. पिकाच्या राखणीसाठी त्याच्याकडे बंदूक होती. परवान्यावर त्याचं आणि धाकट्या भावाचं, रघूचं, नाव होतं.

काळुराम शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओती. साच्यातून निघालेली गोळी कधी सारखी नसते. कुठं फुगलेली, कुठं खरबरीत. त्याची बायको हौसा मेण आणि खोबरेल एकत्र कढवून ठेवी. ते गोळीला चोळायचं आणि लाकडी हातोडीनं गोळी माझ्यातून ठोकून काढायची. जादा शिसं माझ्या काठावर राही आणि गोळी गुळगुळीत होऊन खाली पडे. मग ती नळीत अलगद उतरे. "ही हाय म्हणून माझे हात शाबूत हायत," असं काळुराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. काम झालं की मला पुसून, तेलाचा हात लावून खुंटीला अडकवी. मला फार अभिमान वाटे.

पुढं काचबिंदूनं काळुरामची नजर गेली. बंदूक रघूकडे आली. रघू कंपनीत कायम नोकरीला होता. शिफ्ट संपवून घाईघाईनं येई आणि घाईतच सगळं उरकी.

एका तिन्हीसांजेला वालाच्या शेतात रानडुकरं शिरली. तयार गोळ्या संपल्या होत्या. रघूनं डब्यातली ओतीव गोळी तशीच उचलली.

"भावजी, मेण लावा. कडीतून काढा," हौसा म्हणाली.

"तवर वाल राहील काय, वहिनी?"

त्यानं गोळी नळीत कोंबली. ती अर्ध्यातच अडकली, पण तो तसाच शेताकडे धावला. मी खुंटीवरून फक्त आवाज ऐकला. नळी फुटली होती. रघूच्या डाव्या हाताची बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी काळुराम दवाखान्यातून परतला आणि त्यानं हौसाला सगळं सांगितलं. गोळी कडीतून काढली होती, असं रघूनं पोलिसांना सांगितलं होतं. निष्काळजीपणा ठरला तर त्याच्यावर केस होणार आणि नोकरी जाणार. म्हणून काळुरामनं कडीच झिजून सैल झालेली होती, त्यामुळं गोळी जाड राहिली, दोष आपला, असा जबाब दिला होता. पोलीस कडी बघायला येणार होते.

"कडी झिजलेली नाय," हौसा म्हणाली. "कुणी पन बोट फिरवून सांगंल."

"म्हणून तर," काळुराम म्हणाला. "कानस दे."

तो ओटीवर बसला. त्यानं माझ्या आतून बोट फिरवलं, अगदी पूर्वीसारखं. मग कानस घातली. त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो घासायचा, चाचपायचा, पुन्हा घासायचा. मध्ये एकदा थांबला, तेव्हा मला वाटलं, सुटले. पण तो फक्त डोळे पुसत होता.

पोलिसांनी मला पाहिलं, मान डोलावली आणि ओटीवरच टाकून दिलं. परवाना रद्द झाला. रघूची नोकरी राहिली. सुरुवातीला तो फक्त लोकांसमोर म्हणे, दादाच्या सडक्या कडीनं माझा हात खाल्ला. मग एके दिवशी त्यानं तेच, अगदी खरं मानून, दादाला तोंडावर सुनावलं आणि घरी यायचा बंद झाला. हौसा त्याच्यामागं खरं बोलायला निघाली, तेव्हा काळुरामनं तिचा हात धरला.

"राहू दे गो. हात त्याचा गेलाय."

आता वाल डुकरं खातात. मी ओटीच्या कोपऱ्यात गंजत पडले आहे. काळुरामचा पाय लागला तरी तो मला उचलत नाही.

मित्रांनो, अवजारं पुसा, त्यांना तेल लावा, हे तुम्हांला सगळेच सांगतील. मी एवढंच मागते, की घाई तुमची असेल तर चूकही तुमच्याच नावावर ठेवा. आम्हांला जबाब देता येत नाही.

मी खरी होते, हे या जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक आता ते विसरलं आहे.