डावा कोपरा

अश्फाक वाकून मध्यरेषेवर फक्की ओढत होता, तेवढ्यात शिवराज आला आणि ताज्या रेषेवरच पाय देऊन उभा राहिला. ज्या माणसाचा पाय खेळताना चुकूनही रेषेवर पडत नाही, त्यानेच ती अशी तुडवावी याचा अश्फाकला राग आला. त्याने फक्कीचा डबा खाली ठेवला आणि पाय उचल अशी खूण केली. शिवराज जागचा हलला नाही.

"भाई, संघ बदला," तो म्हणाला. "मला आन् शफीकला एका बाजूला घ्या."

अश्फाकला हसू आलं. सांगलीकडचा हा एवढा धिप्पाड गडी, ज्याच्या चढाईला मैदानातले सात जण मागे सरकतात, तो शेवटच्या दिवशी शफीकच्या हाताला घाबरला, असंच त्याला वाटलं. ही बातमी आत्ताच्या आत्ता सुदामला सांगावी म्हणून त्याने मान वळवलीसुद्धा.

आखातातल्या या शहरात, एशियन टाउन या कामगार वस्तीच्या मागच्या मोकळ्या जागेत दर शुक्रवारी दुपारी दोस्ती मंडळाची कबड्डी चालायची. खेळणारे वेल्डर, ड्रायव्हर, एसीचे डक्ट बनवणारे. बघणारेही तेच, फक्त पोटं सुटलेले. त्यांतला सगळ्यात जुना प्रेक्षक अश्फाक. मूळचा दापोलीचा, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मसाल्याच्या दुकानात विक्रेता, आणि राहायला अल वक्रात. त्याची बायको तय्यबा म्हणायची की, शुक्रवारी नवरा हवा असेल तर मैदानावर अर्ज करावा लागतो. अश्फाक स्वतः आयुष्यात कधी कबड्डी खेळला नव्हता. पण कोपऱ्याजवळ ओळीने उलट्या मांडलेल्या प्लास्टिकच्या क्रेट्सवर बसून तो अशा अधिकाराने ओरडायचा की, नवीन माणसाला तो कोच वाटायचा.

मंडळाची एक रीत होती. कोणी खेळाडू कायमचा गावी निघाला की, त्याच्या शेवटच्या सामन्याचे संघ खेळाडूंनी पाडायचे नाहीत, बघणाऱ्यांनी पाडायचे. वर्षभर उन्हात बसून घसा कोरडा करणाऱ्यांचा तेवढा हक्क. या वेळी तर एकदम दोघं चालले होते. दोघांचं डक्टचं वर्कशॉप बंद झालं होतं. रविवारच्या विमानाने शिवराज आणि शफीक दोघंही मुंबईला उतरणार होते, आणि तिथून एक घाटावर, एक कोकणात.

चढाई शिवराजची आणि पकड शफीकची, हे मंडळात सगळ्यांनाच मान्य होतं. भांडण होतं ते पुढचं. शिवराजने शफीकवर चढाई केली तर काय होईल? कोकणवाले म्हणायचे, डाव्या कोपऱ्यात शफीकच्या हाती घोटा लागला की तो सुटत नसतो. घाटावरचे म्हणायचे, आधी लागू तर दे. दोघं कायम एकाच संघात खेळायचे, त्यामुळे याचा निकाल कधी लागलाच नाही. अश्फाक आणि साताऱ्याकडचा ट्रेलर ड्रायव्हर सुदाम, या दोघांनी तर या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं चहा प्यायला होता. आपलेच दात, आपलेच ओठ, तरी भांडायचं. म्हणून या आठवड्यात दोघांनी फोनवर बसून संघ पाडले, आणि पहिल्यांदाच शिवराज-शफीकला समोरासमोर उभं केलं. अश्फाकला स्वतःच्या या युक्तीचा केवढा अभिमान वाटला होता.

"घाबरलास होय?" तो शिवराजला म्हणाला.

शिवराजने मागे पाहिलं. सावलीत शफीकभोवती गर्दी होती. एकेक जण येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होता. शफीक हसत होता, पण प्रत्येक फोटोत त्याची नजर फोनच्या जरा बाजूला जात होती.

"त्याला दिसत न्हाई, भाई," शिवराज हळू आवाजात म्हणाला.

मग त्याने थोडक्यात सांगून टाकलं. साखरेने शफीकच्या डोळ्यांचं वाटोळं केलं होतं. समोरचं, मधलं, जवळजवळ गेलं होतं. कडेकडेचं थोडं उरलं होतं. वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचं काम शिवराजच करायचा आणि शफीक चाचपून रिव्हेट मारायचा. मैदानावर दोघं शेजारी, हातात हात धरून उभे राहायचे, तशी बचावाची पद्धतच असते. समोरच्याचा पाय टप्प्यात आला की शिवराज शफीकचा पंजा दाबायचा, आणि शफीक झेप घ्यायचा. मागचा सगळा हंगाम असाच गेला होता. कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शफीकने शपथ घातली होती.

 मागच्या हंगामात शफीक पूर्वीसारखा उतावळा राहिला नाही, थांबून पकड करतो, लोणच्यासारखा मुरलाय, असं अश्फाकनेच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. त्यावर मान डोलावणारेही होते. आणि आता त्यानेच, इतक्या हौसेने, त्या दोघांचे हात सोडवले होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तो घाईघाईने सुदामकडे गेला आणि म्हणाला, संघ बदलू या. सुदामने कारण विचारलं. कारण सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून अश्फाक काहीतरी पुटपुटला, निरोपाच्या दिवशी दोघं एकत्र बरे दिसतील वगैरे. सुदामला तर आयतंच सापडलं. त्याने दोन्ही हात वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की, कोकणने सामन्याआधीच माघार घेतलेली आहे. हशा पिकला. कोकणवाले अश्फाकवर चिडले. आपलाच म्हातारा असा ऐन वेळी कच खातो म्हणजे काय, असं एकदोघं त्याला तोंडावर बोलले.

गलका शफीकपर्यंत गेला. तो गर्दीतून वाट काढत आला, अश्फाकच्या आवाजाच्या रोखाने. जवळ येऊन त्याने शिवराज कुठे आहे ते शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"असूंदे तसाच, अश्फाकभाय," तो म्हणाला. "लोकां खास आलेली हायत."

त्याला सगळं कळलं होतं. शिवराजने सांगितलं हेही कळलं होतं. अश्फाकने जाऊन तुडवलेली रेषा पुन्हा ओढली.

सामना सुरू झाला. शफीकच्या शेजारी आज सचिन होता. पोरगा गुणी, शफीकचा हात त्याने आदराने धरला होता. पण नुसता धरला होता. समोरच्या संघातला फुजैल चढाईला आला, त्याने डावीकडे पाय टाकला आणि काढून घेतला, तरी शफीक उभाच. पुढच्या वेळी त्याने अंदाजाने झेप घेतली आणि दोन्ही मुठींत वाळू घेऊन उठला. बघणारे हसले. प्रेमाने हसले, आज याचं मन गावाला गेलंय म्हणाले, कुणीतरी बोटीचा भोंगा वाजवल्यासारखा आवाजही काढला. शफीकही हसला आणि त्याने कपाळावरची वाळू पुसली. अश्फाकला त्या हसण्याकडे बघवेना. हीच माणसं त्याला डोक्यावर घेत आली होती. अजून एकदोन झेपा अशा फसल्या की यांतल्या कुणाच्या तरी लक्षात येईल. मग हसणं थांबेल, आणि जे सुरू होईल ते हसण्याहून वाईट असेल. लोक त्याची कीव करतील. गावी जाताना तो शफीक म्हणून जाणार नाही, बिचारा म्हणून जाईल.

शिवराज प्रत्येक चढाईला उजवीकडेच जात होता. उजवीकडून गडी टिपायचा आणि परत यायचा. घाटावरच्यांनासुद्धा ते रुचेना. मध्यंतरानंतर तर दोन्हीकडचे लोक एका सुरात ओरडू लागले, डावीकडे जा, डावीकडे जा. इतक्या लांबून, सुट्टीचा दिवस घालवून, ते हेच बघायला आले होते. शिवराजने एकदा अश्फाककडे पाहिलं. अश्फाकने मान खाली घातली. 

शेवटची चढाई उरली तेव्हा ऊन उतरलं होतं. गुणांचा हिशेब कुणी ठेवतच नव्हतं. शिवराजने वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि रेषा ओलांडून थेट डावीकडे वळला. 

शिवराजचा दम नेहमी ओठांतल्या ओठांत असायचा, पंचाला कान देऊन ऐकावा लागायचा. आज तो मोठ्याने म्हणत होता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, एकेक शब्द सुटा. पायही तो उचलत नव्हता, वाळूत घासत, खरखर आवाज करत पुढे सरकत होता. लोकांना वाटलं, डिवचतोय. त्यांनी शिट्ट्या मारल्या. क्रेटवर बसलेल्या अश्फाकला मात्र नीट कळलं की हा सगळा आवाज शफीकच्या कानांसाठी चाललाय.

शफीकने मान किंचित कलती केली होती. शिवराज त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. उजवा पाय त्याने पुढे टाकला आणि तो तिथेच ठेवला. कुठलाही चढाईपटू पाय असा ठेवत नाही, एवढा वेळ तर नाहीच.

शफीक पडला तो बरोबर पायावर. त्याचे दोन्ही पंजे घोट्याभोवती बसले. अश्फाक चार हातांवर होता, त्याने ती पकड डोळ्यांनी पाहिली. जुनी, अस्सल पकड, अंगठा हाडावर आणि बोटं मागून घट्ट. शिवराजने स्वतःचं वजन पुढे सोडून दिलं होतं, पडायची तयारी करून. सचिन आणि बाकीचे झडप घालायला निघाले होते.

आणि शफीकने हात उघडले.

शिवराजचा तोल गेला. तो दोन पावलं झोकांडला, खाली पाहत राहिला, त्याचा दम तुटता तुटता राहिला. शफीक पालथा पडलेला होता, दोन्ही तळवे वाळूवर पसरून. मग शिवराज वळला आणि चालत, अगदी चालत, मध्यरेषा ओलांडून परत आला. कुणी त्याला अडवलं नाही, इतके सगळे चकित झाले होते.

क्षणभराने घाटावरच्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्यांनी शिवराजला खांद्यावर उचललं. तो वरून मागे वळून बघत होता, त्याला उतरायचं होतं, पण त्याचं ऐकतो कोण? कोकणवाले डोक्याला हात लावून बसले. सुटला, शफीकच्या हातून सुटला, एवढंच ते एकमेकांना सांगत होते.

बाद झालेला शफीक रेषेबाहेर आला. अश्फाकने उठून त्याला दंडाला धरलं आणि क्रेटवर शेजारी बसवलं. पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तो सगळं पाणी प्यायला.

"घोटा हातात आला होता तुझ्या," अश्फाक म्हणाला. "मी बघितलंय."

"आला होता."

"मग?"

शफीकने बाटलीचं झाकण लावलं. ते लावायला त्याला थोडा वेळ लागला.

"मी धरलेला नव्हता तो, अश्फाकभाय," तो म्हणाला. "त्यान आणून ठेवलान. अशी पकड घेऊन घरी कसा जाऊ?"

अश्फाकला रडू आलं. त्याने ते खोकून घालवलं. इतकी वर्षं तो या माणसाच्या हातांची बढाई मारत आला होता, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण या माणसाला ओळखतच नव्हतो.

तेवढ्यात सुदाम आलाच. घाम गाळत, मागे आठदहा माणसं घेऊन, मोबाईलचा कॅमेरा चालू करून. आता अश्फाकचाचांनी सगळ्यांच्या देखत बोलायचं, दोघांत भारी कोण, असा त्याचा आग्रह होता. चाचा काय बोलणार, कोकणवालेही वळून बघू लागले. त्यांना अजून आशा होती. अश्फाक आजवर असा कधीच हरला नव्हता. त्याच्याकडे नेहमी काहीतरी असायचं, पंच चुकला, ऊन डोळ्यांवर आलं, माती ओली होती. आज तर त्याच्याकडे खरं कारण होतं. एका वाक्यात तो सगळा डाव फिरवू शकला असता. पाय दिलेला होता, आणि शफीकने तो सोडला, हे चार हातांवरून त्याने बघितलं होतं. पण ते सांगितलं तर पाय का दिला हेही सांगावं लागलं असतं.

शेजारी शफीक बाटली हातात घेऊन, मान जरा कलती करून बसला होता.

अश्फाक उभा राहिला.

"शिवराज भारी," तो मोठ्याने म्हणाला. "शफीकची पकड त्याच्यापुढे कमी पडली. मान्य."

टाळ्या पडतील म्हणून सुदामच्या मागचे लोक तयारीत होते. एकदोन पडल्यासुद्धा. मग त्याही थांबल्या. कोकणवाले उठून चपला शोधू लागले. सुदामने मोबाईल खाली केला आणि कॅमेरा बंद केला. तो अश्फाककडे बघत राहिला, जणू त्याने काहीतरी वाईट बातमी सांगितली होती.

"असं लगेच मान्य करायचं नसतं, चाचा," तो म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "आता पुढच्या शुक्रवारी बोलायचं काय आपण?"

 अश्फाक शफीकच्या बाजूला सरकून बसला आणि क्रेटवर सुदामला जागा करून दिली. समोर मंडळाची माणसं शाली आणि नारळ पिशवीतून बाहेर काढत होती.