वन्समोअर मागणाऱ्याने टाळ धरावा

मी 'वन्समोअर' बोलतोय. माझा जन्म मी पाहिलेला नाही. माझे दोन्ही तुकडे इंग्रजी. पण इंग्रज प्रेक्षक अशा वेळी 'आंकोर' हा फ्रेंच शब्द ओरडतात आणि फ्रेंच प्रेक्षक लॅटिन 'बिस'. तेव्हा मला प्रथम कोणी उच्चारले, हे ठामपणे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. माझा अर्थ मात्र निःसंशय आहे: झाले ते आवडले, तेच पुन्हा हवे.

वऱ्हाडात मी भजनी मंडळांत रुळलो. चांदूर बाजारजवळच्या एका गावाने तर मला अटच घातली: वन्समोअर मागणाऱ्याने उठून मंडळात बसावे आणि टाळ धरावा. फुकटची फर्माईश तिथे चालत नाही.

यंदा त्या गावचे महिला मंडळ तालुक्याच्या स्पर्धेत उतरले. वेळ आठ मिनिटे, मंचावर फक्त महिला. पहिला क्रमांक अमरावतीच्या अंतिम फेरीला जाणार. मुख्य गायिका पार्बताबाई, झेंडू पिकवणाऱ्या. अमरावतीच्या मंचावर एकदा गावे, ही त्यांची फार जुनी इच्छा.

भजन सातव्या मिनिटाला संपले. टाळ्या झाल्या आणि प्रेक्षकांतून पार्बताबाईंचे यजमान पंजाबराव गरजले, "वन्समोअर!"

एवढ्यावर थांबते तर बरे. पण गावची सवय. ते मंचावर चढले, बायकांमध्ये मांडी घालून बसले आणि त्यांनी टाळ उचलला.

"भाऊजी, तुमी कावून आले वर?" खंजिरी वाजवणारी जमुना दबक्या आवाजात म्हणाली. "बायाइची स्पर्धा हाय!"

"मांगतलं मीनं, त टाळ कोन धरीन? तुहा बाप?"

जमुना पार्बताबाईंकडे वळली. "पार्बताबाई, उठा. नंबर जाईन आपला."

पार्बताबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "तीस वर्सांत या मानसानं भाजी सुदिक दुसऱ्यांदा मांगतली नाई. आता मांगून राह्यला, त नाई कशी म्हनू वं?"

त्या पुन्हा गायल्या. दुसरे गाणे पहिल्यासारखे नव्हते. ते कधीच नसते. माझ्या अर्थातली ही त्रुटी मला मान्य आहे. या वेळी त्यांचे परीक्षकांकडे लक्षच नव्हते.

"स्पर्धेचं भजन सातव्या मिनिटाला संपलं," परीक्षक किशोर म्हणाले. "पुढचं रसिकांचं."

"मंच सोडला नाही, म्हणजे भजन चालूच. आठ मिनिटं कधीच उलटली," परीक्षक धर्मपाल म्हणाले. "शिवाय वर पुरुष!"

नियमावली दोनदा चाळली गेली. तीत माझा उल्लेख नव्हता.

मी समाधानी आहे. मला अवश्य मागा. मात्र मागितल्यावर खुर्चीत बसून राहू नका.

या गोष्टीला चार दिवस झाले. तिसऱ्या परीक्षक प्रतीक्षाताई यांनी निकालाच्या कागदावर अजून सही केलेली नाही.