सातशेव्या विजयाचा घोळ

त्या मे महिन्यात कार्व्हर गावात एक आकडा सगळ्यांना पाठ होता आणि तो तोंडातून काढायची कोणाची छाती नव्हती. बेसबॉलवाली माणसं ही अशीच. टीम जिंकत असली की मोजे धुवायचे नाहीत, मैदानात शिरताना पांढऱ्या रेघेवर पाय ठेवायचा नाही, आणि जे व्हावं असं वाटतं त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. नाव घेतलं की घास तोंडाशी येऊन निसटतो, हे आयोवात शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे कॅफेवाली डोना फळ्यावर रोजचा सामना लिहायची आणि त्यापुढची जागा कोरी ठेवायची. छापून आलेले टी-शर्ट चर्चच्या तळघरात खोक्यात बंद होते. पाद्रीबुवांनीसुद्धा प्रार्थनेत "आपल्या सगळ्यांच्या मनात जे आहे ते" एवढंच म्हणून डोळे मिटले होते.

सगळ्यांच्या मनात होता लाइल ब्रँडव्होल्ड. कार्व्हर कॉलेजचा हा कोच छत्तीस वर्षं त्याच बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत आणि पंचांशी भांडत आला होता. आता गुडघे गेले होते. आसपासच्या नऊ कॉलेजांत सर्वांत जास्त सामने जिंकलेला कोच म्हणजे लिंडग्रेन कॉलेजचा एल्मर क्विस्ट. तो जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्याचे सहाशे नव्व्याण्णव विजय जागचे हलले नव्हते. शनिवारी लाइलचे शेवटचे दोन सामने होते, दोन्ही एकाच दिवशी, एकामागून एक, आणि तेही लिंडग्रेनशीच. कॉलेजच्या वहीप्रमाणे लाइलसुद्धा सहाशे नव्व्याण्णववर होता. दोनातला एक जिंकला की झालं.

हे व्हावं म्हणून जीव टांगणीला लागला होता तो एमेट कुचेराचा. एमेट लाइलचा साहाय्यक. चौतीस वर्षं साहाय्यक. बॉल टाकणाऱ्या पिचरना तयार करायचं, टीमची गाडी चालवायची, कपडे धुवायचे, आणि सामन्यात तिसऱ्या बेसपाशी उभं राहून धावणाऱ्याला सांगायचं, पळ किंवा थांब. दोन कॉलेजांनी त्याला मुख्य कोच म्हणून बोलावलं होतं. दोन्ही वेळा त्यानं "पुढच्या वर्षी बघू" म्हणून टाळलं. त्याची बायको जोलीन त्याला चिडवायची, "तुला कोणी विचारलं, तू कोण, तर तू म्हणशील, तो लाइलच्या शेजारी उभा असतो ना, तो."

"मग खोटं काय आहे त्यात?" एमेट म्हणायचा. त्याला खरंच काही वाटत नसे. एखाददुसऱ्या दिवशी वाटे, नाही असं नाही.

शनिवारी सकाळी लाइल मैदानावर आला, बियांची पिशवी फोडली आणि म्हणाला, "आज दोन्ही जिंकायचेत, एमेट."

"दोन्ही?" एमेट म्हणाला. पुढचं विचारायची सोय नव्हती. म्हातारा हावरट झालाय, एवढं मनाशी म्हणून तो कामाला लागला.

पहिला सामना कार्व्हरनं सहा-एक असा जिंकला. शेवटचा झेल हातात बसला मात्र, महिनाभर कोंडून ठेवलेलं सगळं एकदम फुटलं. बँड वाजायला लागला. माणसं कुंपणावरून उड्या टाकून आत आली. गुणलेखिका वांडा टिट्जेन हिनं माइकवरून असा काही "सातशे!" ठोकला की पलीकडच्या शेतातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. डोना केक घेऊन धावली.

लाइल बाकावरून उठला आणि दचकून म्हणाला, "काय झालं? कोणाचं लग्न आहे?"

"अरे, हास तरी!" एमेटनं त्याला मिठी मारली. "विक्रम मोडलास तू! क्विस्टला मागं टाकलंस!"

"मागं कुठं? बरोबरी झाली. सहाशे नव्व्याण्णव." लाइलनं केककडे पाहिलं, त्यावर साखरेनं लिहिलेला आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं. "डोना, झाक ते. नाव घेतलंत सगळ्यांनी! अजून एक बाकी आहे. वांडा, तुझं गणित कधीपासून कच्चं झालं?"

हे ऐकून वांडा आपल्या खोलीतून खाली उतरली. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती. "माझं गणित? लाइल ब्रँडव्होल्ड, तुझ्या पोरीला पाढे मी शिकवलेत. तुला येत नव्हते म्हणून."

मग भर मैदानात, पिचरच्या उंचवट्यावर, वही उघडली गेली. वांडा एकेक वर्ष आणि त्यातले विजय वाचायची आणि लाइल डोळे मिटून आपल्या डोक्यातला आकडा सांगायचा. अठ्ठ्याऐंशी, सोळा. सोळा. एकोणनव्वद, एकोणीस. एकोणीस. लोक जपाला बसल्यासारखे भोवती उभे. त्र्याण्णव आलं आणि वांडा म्हणाली "बावीस," तर लाइल म्हणाला "एकवीस."

एमेटचे कान तापले.

"दहा एप्रिल," लाइल म्हणाला. "त्या दिवशी माझ्या बायकोला, आर्डिसला, कळा सुटल्या. मी दवाखान्यात होतो, करिन व्हायची होती. सामन्याला मी नव्हतोच. मी नव्हतो तर माझा विजय कसा?"

"वहीत तुझं नाव आहे."

"कोणी घातलं?"

वांडानं एमेटकडे पाहिलं, आणि तिचं बघून सगळ्या गावानं पाहिलं.

"मीच सांगितलं," एमेट म्हणाला. "नियमच आहे तो. टीम ज्याची, विजय त्याचा. तुम्ही सगळे असे बघू नका, चोरी केलीय का मी?"

दहा एप्रिल त्याला लख्ख आठवत होता. बर्फाचा पाऊस, स्टँडमध्ये जेमतेम अकरा माणसं, आणि तीन-दोन असा विजय, ज्यात प्रत्येक निर्णय त्याचा होता. सामना संपल्यावर तो गाडीत एकटा बसून वेड्यासारखा हसला होता. आयुष्यात इतका आनंद त्याला क्वचितच झाला असेल. मग खाली उतरून त्यानं वांडाला सांगितलं होतं, लाइलचं नाव लिही. कोणी विचारण्याआधीच देऊन टाकलं म्हणजे हाव सुटत नाही.

"एकतीस वर्षं तू बोलला का नाहीस?" त्यानं लाइलला विचारलं.

"आकडा उच्चारतं का कोणी? मला वाटलं सगळे माझ्यासारखंच मोजताहेत." लाइलनं वांडाकडे हात पुढे केला. "बदलता येतं ना गं?"

"कोच हजर नसेल आणि त्यानं स्वतः सही करून दिलं, तर येतं," वांडा म्हणाली. "पण स्वतःचा विजय सही करून देणारा वेडा आजवर जन्मला नव्हता."

"पेन दे."

"लाइल, गप्प बस!" एमेट आता खरोखर चिडला. "पुढचा सामना लिंडग्रेनच्या त्या डावऱ्या पिचरचा आहे. वर्षभरात त्याला एकानंही हरवलेलं नाही. हरलो तर क्विस्टच्या बरोबरीनं घरी जाशील आणि मरेपर्यंत कुढत बसशील. मला नकोय तो विजय!"

"तुला विचारलंय कोणी? जिंकलेल्याला नको म्हणता येत नाही," लाइल म्हणाला आणि सही ठोकली. डोनानं केक झाकला. बँडवाल्यांनी शरमेनं तुताऱ्या खाली घेतल्या.

दुसऱ्या सामन्यात एमेट सात डावांत सात वर्षांनी म्हातारा झाला. आपल्या पायी याचा विक्रम बुडतोय, हे एकच त्याच्या डोक्यात. डावऱ्यानं पहिल्या चार डावांत कार्व्हरला पाणी पाजलं. मग तो थकला, त्याचा बॉल उंच जाऊ लागला, आणि पडत-धडपडत चार-चार अशी बरोबरी झाली. शेवटचा, सातवा डाव. बॅटिंग कार्व्हरची, म्हणजे एक धाव निघाली की सामना खिशात. एक गडी बाद, आणि दुसऱ्या बेसवर बॉइड हॅनरहन. बॉइड म्हणजे टीमचा कॅचर. मनानं सोनं, पण पळायला लागला की गवताचा भारा कुणीतरी ढकलत आणतंय असं वाटे.

पुढच्या पोरानं डाव्या बाजूला जोराचा टोला हाणला. बॉल जमिनीवरून सरळ क्षेत्ररक्षकाकडे गेला. बॉइड धापा टाकत तिसऱ्या बेसकडे निघाला, आणि आता सगळं एमेटच्या हातात आलं. तिथल्या कोणत्याही शहाण्या माणसानं त्याला थांबवलं असतं. असा भारा, इतका जवळचा बॉल, आणि तीनपैकी बाद अवघा एक. एमेटनं थांबवायला दोन्ही तळवे वर उचललेसुद्धा. तेवढ्यात त्याला दिसलं, की क्षेत्ररक्षकानं बॉल हातात यायच्या आधीच मान वर करून बॉइडकडे पाहिलं.

जो आधी माणसाकडे बघतो, त्याच्या हातून बॉल सुटतो. हे चौतीस वर्षं तो पोरांना घसा फोडून सांगत आला होता.

"पळ!" एमेट ओरडला आणि पवनचक्कीसारखा हात फिरवायला लागला. "पळ, बॉइड, पळ रे बाबा, मागं बघू नकोस!"

क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यातून बॉल एकदा उडाला. एकदाच. त्यानं तो पकडला, फेकला, आणि फेक काय होती, बाणासारखी आली. बॉइड पोटावर पडला आणि घसरत शेवटच्या बेसवर गेला. धूळ उडाली. कोणाला काही दिसेना. पंच वाकला, त्यानं खाली पाहिलं, आणि दोन्ही हात आडवे पसरले. धाव पूर्ण. पाच-चार. एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

पुढची पाच मिनिटं कोण कोणाच्या अंगावर पडलं ते सांगता यायचं नाही. बॉइडला उचलायचा प्रयत्न चौघांनी केला आणि सोडून दिला. एमेट तिसऱ्या बेसवरच मटकन बसला होता. लाइल लंगडत त्याच्यापर्यंत आला.

"कशाला पळवलंस त्याला? मी असतो तर थांबवला असता."

"म्हणून तर तू तिकडे बसतोस," एमेट म्हणाला. त्याला रडू यायला लागलं होतं, आणि ते लपवायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

माइक खरखरला. "लाइल ब्रँडव्होल्ड," वांडाचा आवाज आला, "सातशे." सगळं गाव ओरडलं. तिनं ओरडू दिलं. मग शाळेतल्यासारखी टेबलावर पट्टी आपटून म्हणाली, "बसायचं नाही अजून कोणी. आणखी एक नाव आहे. एमेट कुचेरा. विजय, एक. पराभव, शून्य. नऊ कॉलेजांच्या वह्यांत एकदाही न हरलेला दुसरा कोच मला तरी सापडलेला नाही."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. लिंडग्रेनची पोरंसुद्धा बाकावर उभी राहून वाजवत होती. जोलीननं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि ओरडली, "तो माझा नवरा आहे! नुसता शेजारी उभा असतो तो नव्हे!" एमेटला कुठं बघावं कळेना. एकतीस वर्षं हा खडूस माणूस दर मोसमाला आपले विजय मोजताना तो एक बाजूला काढून ठेवत आला होता, त्याच्यासाठी, आणि त्याचा ब्रसुद्धा काढला नव्हता.

"मी चारशे बारा सामने हरलोय," लाइल म्हणाला. "तू एकही नाहीस. आता सांग, दोघांत मोठा कोण?"

एमेटनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. गर्दी केककडे वळली होती. सामना संपला की मैदानाची माती सारखी करायची, हे साहाय्यकाचं काम. सवयीनं तो उठला आणि कुंपणाला टेकवलेल्या दाताळ्याकडे निघाला. लाइलनं ते आधीच उचललं होतं.

"बस तू," लाइल म्हणाला आणि गुडघे सांभाळत माती ओढायला लागला.

एमेट बाकावर, लाइलच्या जागेवर बसला. दोन मिनिटं त्यानं कसंबसं बघितलं.

"सरळ ओढ की रे," तो ओरडला. "वाकडं जातंय सगळं."

"बरं, कोच," लाइल म्हणाला आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली.