गुलाबी सरकी

माझ्या तोंडी लागायला आमच्या गावात लोक दहादा विचार करतात. मी वामनराव. जैनथ मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे, सात एकर काळी जमीन आणि तिच्याएवढाच काळा स्वभाव. त्या सकाळी मी अंगणवाडीत भांडायला निघालो होतो आणि सून सपना मागून हाका मारत होती.

"आबा, चहा तं पेऊन जा. भांडन काई पळून नाई चाललं!"

"तू गप राय. काल पोरगी पाह्यली कशी आली? कोपरापर्यंत चिखल. आपन जलमभर मातीत मरून राह्यलो ते कमी हाय का? हे शाळंतबी मातीच शिकंन?"

पोरगी म्हणजे माझी नात सुवर्णा. चार वर्षांची झाली तरी दोन शब्दांपुढे जात नव्हती. 'दे' आणि 'नाई', संपलं. कोणी बोलायला आलं की आईच्या पदरात तोंड खुपसायची. आदिलाबादला दाखवून आणलं. कान बरे, जीभ बरी, बोलेल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. पण घरात लेकरू असून घर मुकं राहतं, तो त्रास डॉक्टरला काय ठाऊक.

आणि खोटं कशाला बोलू, मला चिखलापेक्षा दुसरं काहीतरी बोचत होतं. अंगणवाडीची टीचर होती प्रीती, नागनाथची पोरगी. नागनाथ चौदा वर्षं माझ्याकडे सालगडी होता. विहाराच्या मागे त्याचं घर. त्याने पोरीला शिकवलं, ती तेलुगूत परीक्षा पास होऊन नोकरीला लागली, हे सगळं चांगलंच. पण नागनाथच्या पोरीने माझ्या नातीला मातीत बसवावं, हे गळ्याखाली उतरत नव्हतं. दुसऱ्या कोणाची पोरगी असती तर मी चहा पिऊनच गेलो असतो.

दारातूनच मी आवाज चढवला. "काय शिकवून राह्यली वं तू लेकरायले?"

"आबा, हळू," प्रीती म्हणाली. "बसा इथं. आंधी आयका."

सुवर्णा उकिडवी बसली होती. पुढ्यात ताट, ताटात थापलेली ओली काळी माती. तिच्यात ज्वारीचे दाणे, तूर, चिंचोके ओळीने खोचलेले. मध्ये मातीचाच एक बैल, तीन पायांचा. आणि माझी नात बोलत होती.

"हे आमचं वावर हाय. हे तूर. हा बैल. हा बैल रडून राह्यला."

मी दाराची चौकट धरली. भांडणासाठी घोकून आणलेलं सगळं विसरलो.

"कायले रडून राह्यला बैल?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं. "त्याले कोनी पुसत नाई."

प्रीती हळूच म्हणाली, "मी काई शिकवत नाई, आबा. माती देतो, दाने देतो, अन् पुसतो, हे काय बनवलं? आपल्या हातानं बनवलं का लेकराले सांगू वाटते. लेकरू तक्त्यावरचं घोकते, पन ते त्याचं नसते. अक्षरं येतीन मागून. अक्षरायची काय घाई हाय?"

मी घरी आलो. सपनाने चहा पुढे ठेवला आणि तोंडावर पदर घेऊन विचारलं, "झालं भांडन?"

"उद्या करतो," मी म्हटलं.

पुढचा महिना आमच्या घरी पाहुणा आल्यासारखा गेला. पोरगी बोलायची. चुलीशी बोलायची, कोंबडीशी बोलायची, जेवताना भाकरीचे तुकडे मांडून गाव वसवायची आणि मग ते गाव खाऊन टाकायची. माझा मुलगा गोपाल इचोड्याला धाब्यावर कामाला असतो. तो फोनवर तिचं बोलणं ऐकून तासभर काम विसरला.

मुलांनी रोज घरून एक जिन्नस आणायचा, असा प्रीतीचा नेम होता. पीस, पान, बी, काहीही. तिने पोरांच्या आयांना बोलावून बजावलं होतं, जे खातो त्यातलंच द्या, औषधाचं काही देऊ नका. सपनाला हे ठाऊक होतं. मला नव्हतं. पण त्याच्या आड लपणार नाही. औषध काय असतं ते मला प्रीतीपेक्षा जास्त कळतं.

त्या दिवशी सपना पहाटेच वावरात गेली होती. कपाशी जागोजागी उगवली नव्हती, तिथे पुन्हा सरकी टोबायची होती. मी थैलीतली उरलेली सरकी फडक्यात ओतत होतो. कंपनीची सरकी, औषध लावलेली, गुलाबी गुलाबी. ती मी कोणाला शिवू देत नाही. थैली आढ्याला बांधतो, स्वतः हाताला पन्नी गुंडाळून टोबतो.

सुवर्णा येऊन उभी राहिली. "आबा, मले हे दे."

"हे नाई माय. हे औषीद हाय."

"माह्या बैलाले झूल करायची हाय. तूर नाई चांगली दिसत. पोळ्याले आपल्या बैलाची झूल गुलाबी व्हती ना, तसी. थोडीसी दे. मी मातीत टोचंन, अन् बाईले दाखवंन, अन् तुलेबी दाखवंन."

एवढं लांब ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. जिच्या एका शब्दासाठी मी देवाला नारळ फोडले होते, ती एवढी विनवणी करत होती. मला नाही म्हणवलं नाही. मातीत तर खोचायची आहे, खायची थोडीच, असं मनाशी म्हणून मी मूठभर सरकी तिच्या रुमालात बांधली. हात मात्र माझे साबणाने धुतले.

दुपारी वावरात फोन आला. सुवर्णाने झूल पुरी केली होती, उरलेले दाणे तोंडात टाकले होते. गुलाबी होते, बडीशेपच्या गोळ्यांसारखे. प्रीती मुलांची वजनं लिहीत होती, आया बयनाबाई भात वाढायला आत गेली होती. एवढ्यात पोरगी ओकायला लागली आणि तिने मान टाकली. प्रीतीने बोट घालून तिचं तोंड साफ केलं, रस्त्यावर जाऊन ऑटो अडवला, तिला मांडीवर घेऊन आदिलाबाद गाठलं. तो रुमालही तिने सोबत घेतला होता. डॉक्टरने रुमालातली सरकी पाहिली आणि लगेच इलाज सुरू केला. हे घेऊन आलात म्हणून बरं झालं, असं तो प्रीतीला म्हणाला. माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाने डोळे उघडले. सपनाने तिच्या कपाळावरून हात फिरवला. "माय, ते दाने तुले कोनं देल्ले वं?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मी पुढे झालो आणि तिच्या गालावर हात ठेवला. "बोलू नको, माय. घसा दुखंन. काईच बोलू नको."

"हो, नको बोलू," सपना म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, आजा काळजी करतो. त्या वेळी मलाही तसंच वाटलं. माणूस स्वतःला किती झटकन फसवतो.

पाचव्या दिवशी पोरगी घरी आली आणि सहाव्या दिवशी चौकशीला अंगणवाडी खात्याचे साहेब आले. अंगणवाडीच्या ओसरीत गाव जमलं. भगवंतराव गावचे मोठे, ते खुर्चीत. प्रीती भिंतीला टेकून उभी.

"दाने ती घरून घेऊन आली, साहेब," ती म्हणाली. "रुमाल तिचाच हाय. माह्या नजरंतून सुटलं, हे माही चुकी. पन दाने मी नाई देल्ले."

सपना उसळली. "आमच्या घरून कसे येतीन? सरकीची थैली आढ्याले बांधलेली रायते. माहा सासरा मलेबी हात लावू देत नाई!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भगवंतराव म्हणाले, "वामनराव, तुमी सांगा. तुमच्या घरून गेली का सरकी?"

समोर सून, मागे गाव, कोपऱ्यात नागनाथ. सांगितलं असतं तर काय झालं असतं? कोणी मला फासावर दिलं नसतं. सपना चार दिवस बोलली नसती, एवढंच. पण नागनाथच्या पोरीसमोर मान खाली घालायची, हे मला त्या घटकेला मरणाहून जड झालं.

"मले काई माईत नाई," मी म्हटलं.

मग गर्दीतून आवाज सुरू झाले. मातीत खेळवते, दाणे आणायला सांगते, हे कसलं शिक्षण? पोरगी मेली असती तर? ज्या बाया आपल्या लेकरांनी केलेले मातीचे मोर घरी जपून ठेवत होत्या, त्याच बोलल्या. सपनाच्या तोंडून तर नको ती शिवी गेली. नागनाथ माझ्याकडे एकटक पाहत होता. चौदा वर्षं आम्ही एका वावरात राबलो. माझा खोटा आवाज त्याला ओळखू येतो. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने फक्त पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चाल, माय."

प्रीतीची बदली बाजारहत्नूरच्या पलीकडे एका पाड्यावर झाली. तिच्या नावावर शेरा लागला. ताटं, माती, चिंचोके सगळं बयनाबाईने उकिरड्यावर नेऊन टाकलं. नवी बाई आली. बिचारी चांगली होती, पण तिला बजावूनच पाठवलं होतं. भिंतीला तक्ता लागला आणि मुलं हाताची घडी घालून ओरडू लागली.

सुवर्णा त्या ओळीत बसायची, पण ओरडायची नाही. दवाखान्यातून आल्यापासून तिचं बोलणं पुन्हा बंदच होतं. आता तर 'दे' आणि 'नाई'सुद्धा नाही. सपनाला वाटलं, विषाने जीभ नेली. दोन महिने ती उपास करत होती, आणि तिच्या हातची भाकरी मी मुकाट खात होतो.

कपाशी कमरेला लागली होती. एक दिवस दुपारी निंदण चाललं होतं. मी धुऱ्यावर, बांधावरच्या पळसाखाली बसलो होतो, सुवर्णा शेजारी. सपना दूर कपाशीच्या ओळीत. पोरीने माझं धोतर ओढलं, माझ्या कानाशी तोंड आणलं.

"आबा, आता बोलू?"

मला कळेना. "बोल ना, माय. तुले नाई कोनं म्हटलं?"

"तूनं. दवाखान्यात."

मी त्या धुऱ्यावर ओक्साबोक्शी रडलो. पासष्ट वर्षांचा माणूस. मी सत्याला कुलूप घातलं होतं आणि ते ह्या एवढ्याशा लेकराच्या तोंडाला लागलं होतं. तिने दोन महिने ते इमानाने सांभाळलं.

सपना खुरपं घेऊन धावत आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने खुरपं बाजूला टाकलं. मग म्हणाली, "म्या त्या बाईले रांड म्हटलं, आबा. चारचौघात. अन् तुमी तथीच उभे व्हते."

दुसऱ्या दिवशी मी आदिलाबादला जाऊन लेखी दिलं. कारकुनाने ते तेलुगूत उतरवून घेतलं, माझी सही घेतली. शेरा निघेल, तो म्हणाला, पण तुमच्या गावची जागा भरली, ती बाई आता परत येणार नाही. गावात मी घरोघर सांगत फिरलो. शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. कोणी दिल्या नाहीत. भगवंतराव म्हणाले, "जाऊ द्या, वामनराव. पोरगी वाचली ना? अन् काई म्हना, ते मातीचं खूळ गेलं ते बरंच झालं." नागनाथने पाणी दिलं, ऐकून घेतलं. "मले त्याच दिवशी समजलं व्हतं," म्हणाला. "पन हे मले कायले सांगता? जिले सांगाचं तिले सांगा."

म्हणून मी सुवर्णाला घेऊन निघालो. इचोड्यापर्यंत बस, पुढे ऑटो, मग दीड कोस पायी. नुकती सर येऊन गेली होती. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या दारात पोहोचलो तेव्हा आतून पोरं एका सुरात ओरडत होती. प्रीती हातात पट्टी घेऊन तक्त्याशी उभी होती. ताट नाही, माती नाही, भिंती कोऱ्या. जमीन अशी पुसलेली की खडा सापडू नये.

तिने मला बसायला सतरंजी टाकली. मी लेखी दिलेल्याची नक्कल पुढे केली. तिने सावकाश वाचली आणि घडी करून ठेवली.

"बरं केलं, आबा. बाबाच्या जिवाले लय लागलं व्हतं."

"तू चाल ना वापस. मी वरपर्यंत अर्ज देतो."

"नाई, आबा."

"मंग इथं तरी माती दे लेकरायले. तूनंच तं सांगतलं मले, हातानं बनवलं का सांगू वाटते."

तिने हातातली पट्टी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "लेकराच्या हातात काई द्याले गेली का माहे हात कापते. रातचं दिसते ते, मान टाकलेली. मले नाई होत आता. जे लिहून देल्लं ते शिकवतो."

एवढ्यात अंगणातून सुवर्णा धावत आत आली. ओल्या मातीचा गोळा तिच्या दोन्ही हातांत, कोपरापर्यंत बरबटलेली. डोळे नुसते चमकत होते. "बाई! बाई, पाह्य, हे—"

प्रीती दचकून उठली. तिने पोरीचं मनगट धरलं, गोळा बाहेर फेकला, तिला पाण्याच्या माठाशी नेलं आणि हात धुवायला लागली. एकेक बोट वेगळं करून, नखांच्या कडा घासून. पोरं ओरडायची थांबून पाहत होती. सुवर्णा सांगायला जात होती, मोडक्यातोडक्या दोन शब्दांनी सुरुवातही केली होती.

"तोंड उघड," प्रीती म्हणाली. "आ कर. मोठा आ."

सुवर्णाने आ केला. प्रीती तिची हनुवटी धरून, जिभेखाली, दाढांमागे, पुन्हा पुन्हा पाहत राहिली. पोरगी तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली, आणि तिला सांगायचं होतं ते आतच राहिलं.