नळीतला काक्षी

दिवेलागण झाली की अख्खं गाव कापडवाल्याच्या गच्चीवर चढायचं. जिन्यात चेंगराचेंगरी, वर रांग, आणि रांगेच्या टोकाला मखमलीत गुंडाळलेली एक लांब नळी. नळीचे मालक दुर्बीणबाबा. नळीला डोळा लावला की लालभडक तारा दिसे आणि तो रोज थोडा थोडा फुगत होता.

"काक्षी भरत आलाय," बाबा डोळे मिटून सांगत. "मृगातला हा महाकाय तारा महिनाअखेरीला फुटणार. ते तेज डोळ्यांवर पडलं की मोतीबिंदू लोण्यासारखा वितळेल. पण कापलेल्या डोळ्यात तेज मावत नाही, हे ध्यानात ठेवा."

या शेवटच्या वाक्याने गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना ओस पडला. पण त्यांचं खरं दुखणं घरातच होतं. जन्मभर शिवणकाम केलेल्या सासूबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने झाकले होते आणि ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनी तारा फुटेपर्यंत पुढे ढकलली होती. जास्त पिकला तर डोळ्यातला दाब वाढेल आणि गेलेली नजर परत येणार नाही, हे सुनेचं शंभरदा सांगून झालं. गावातल्या यच्चयावत सासवांना टेबलावर झोपवणारी ही बाई स्वतःच्या सासूपुढे हतबल होती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

डॉक्टरीणबाईंनी खगोलाचाही आधार घेऊन पाहिला. तारा खरोखरच म्हातारा आहे, एक दिवस फुटेलही, पण तो उद्या फुटेल की लाख वर्षांनी, हे कुणालाच सांगता येत नाही.

"म्हणजे उद्याही फुटेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू नेमका आज माझा डोळा कापून ठेवशील."

या तर्कापुढे वैद्यकशास्त्राने हात टेकले.

एकदा जेवताना सासूबाई खुशीत म्हणाल्या, की आज तारा लिंबाएवढा दिसला, चांगला टपोरा. सुनेचा घास हातातच राहिला. याच सासूबाईंनी सकाळी खुंटीवरच्या कोटाला मुलगा समजून दाढी करायला पिटाळलं होतं. त्यांना समोरचा रस्त्यावरचा दिवा दिसत नव्हता, मग आकाशातला तारा कसा दिसला? दिसत असेल तर तो आकाशात नक्कीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सासूचा हात धरून सूनही रांगेत उभी राहिली. आभाळ गच्च भरलेलं होतं. बाबांनी जाहीर केलं, की काक्षीला ढग आड येत नाहीत. लोकांनी हात जोडले. सासूबाईंनी नळीला डोळा लावला आणि डॉक्टरीणबाईंनी नळीच्या दुसऱ्या टोकावर गुपचूप तळहात दाबून धरला.

"दिसतो का आई?"

"दिसतोय की. कालच्यापेक्षा मोठा."

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आपला हात दाखवला. तेवढ्यात कापडवाले पुढे सरसावले. बाबा आल्यापासून त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या तेजाला ढग अडवत नाहीत, त्याला तुमचा हात काय अडवणार, असं त्यांनी विचारलं. लोकांना हायसं वाटलं. माना डोलू लागल्या. डॉक्टरीणबाईंना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सासूबाई मात्र नळीला डोळा लावून तशाच उभ्या होत्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "ही नळी खाली वळते का हो?"

वळत नाही, बाबा घाईघाईने म्हणाले. सासूबाईंनी तोवर ती वळवली होती.

"अगंबाई, माझ्या चपलांतही काक्षी उगवलाय."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू आवरेना. मखमल ओढली तर आत लाल कागद लावलेला एक छोटासा दिवा, दोन बॅटऱ्या आणि एक वायर. वायर बाबांच्या मांडीखालच्या बटणापर्यंत गेली होती. रोज बटण थोडं जास्त फिरलं की तारा तेवढा भरत असे. तारा भक्तांसाठी स्वतःहून नळीत उतरला, असं काहीसं बोलत बाबा जिन्यावरून उतरले ते उतरलेच. मखमल मात्र आपल्याच दुकानातली आहे, हे सांगायला कापडवाले विसरले नाहीत.

घरी जाताना सासूबाईंची पावलं मंदावली.

"तारे डोळे बरे करत नाहीत, हे मला कळत होतं गं," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या सुरीची भीती वाटायची. भीती वाटते म्हटलं तर लोक हसतात. ताऱ्याची वाट बघते म्हटलं तर पाया पडतात."

"मलाही भीती वाटते, आई. तुमच्याच डोळ्याला हात लावायची."

"मग दोघी मिळून भिऊ. पण आता लांबवू नकोस."

पट्टी निघाल्यावर सासूबाईंनी आधी सुईत दोरा ओवला, मग मुलाची दाढी खरंच वाढली आहे का ते तपासलं. संध्याकाळी शेजारणी जमल्या. त्यातल्या दोघी अजून ऑपरेशनला कां-कूं करत होत्या. सासूबाईंनी त्यांना अंगणात नेऊन आकाशात बोट दाखवलं. तांबूस, बारीकसा काक्षी तिथे शांतपणे लुकलुकत होता.

"तो बघा खरा. कुणाच्या सांगण्यावरून फुटत नाही आणि कुणासाठी थांबतही नाही. आपण जिवंत असताना फुटलाच, तर बघायला डोळे नकोत का?"